पंचाच्या कानातलं मैदान

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी अशी गावं एकामागोमाग लागतात. अंतर पन्नासेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच नीरेच्या कालव्याची चारी. या पट्ट्यात कबड्डी न खेळलेला माणूस शोधावाच लागेल. मीही खेळलो. कॉलेजच्या संघात उजवा कोपरा सांभाळायचो आणि वेळ पडली तर चढाईला जायचो.

त्या वर्षी एका गावच्या यात्रेतल्या स्पर्धेला आम्ही गेलो होतो. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. चाळलेल्या मातीचं मैदान, वर चार हॅलोजन, आणि माणसं इतकी जवळ बसलेली की फक्कीनं आखलेल्या रेषेवर पोरांच्या पायांचे अंगठे टेकत होते. गुणफलक बरोबरीत आणि शेवटचं मिनिट सुरू. आमचा चढाईपटू आत गेला, निदान रेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे झुकला आणि परत फिरताना त्याची बोटं कोपऱ्याच्या कोपराला घासली. मी समोरून पाहत होतो. त्या कोपऱ्यानं स्वतःच्या कोपराकडे एकदा पाहिलं आणि बाहेर जाण्यासाठी अर्धं पाऊल उचललं. तेवढ्यात भोवतीची सगळी माणसं एकदम ओरडली, "नाही! नाही लागला!" पंचाचा हात कमरेपासून वर निघाला होता. छातीपर्यंत येऊन तो थांबला आणि खाली गेला. पुढच्या चढाईत त्यांनी एक गुण घेतला. आम्ही हरलो.

परतीच्या टेम्पोत सगळे एकच बोलत होते, की त्या गावात पाहुण्या संघानं जिंकणं शक्यच नाही. मला मात्र तो अर्ध्यावर थांबलेला हात आठवत राहिला. आम्ही काही घाबरलो नव्हतो. चढाई चांगली झाली होती, स्पर्श झाला होता. त्या आरोळीचा परिणाम झाला तो पंचाच्या डोळ्यांपासून हातापर्यंतच्या वाटेत. पाहुण्यांसाठी मैदान अवघड कशामुळे होतं, या प्रश्नाचं उत्तर मला त्या हातात आहे असं वाटतं. या प्रकरणात मी तेच तपासून पाहणार आहे.

या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा होते अमेरिकेत, आणि तीही कॉलेजांच्या बास्केटबॉलवरून. तिथली काही क्रीडागृहं पाहुण्या संघांसाठी जवळजवळ किल्ले मानली जातात. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम जानेवारी १९४०मध्ये सुरू झालं. त्यात मावतात फक्त ९,३१४ माणसं. आपल्याकडच्या मोठ्या कुस्ती मैदानात याहून जास्त गर्दी जमते. पण तिथे विद्यार्थ्यांची जागा थेट मैदानाच्या कडेला आहे. रेषेबाहेरून चेंडू आत टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीला त्यांचे हात लागतील की काय, इतक्या जवळ ती मुलं सामनाभर उभी असतात. कॅन्सस विद्यापीठाचं ॲलन फील्डहाऊस १९५५चं, त्यात सोळा हजारांवर माणसं बसतात. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी तिथल्या प्रेक्षकांच्या आवाजाची नोंद १३०.४ डेसिबल झाली आणि गिनीजच्या विक्रमात गेली. एवढ्या आवाजात शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन बोललं तरी त्याला ऐकू येणार नाही.

एवढा गोंगाट झाला तर पाहुण्यांचे हात थरथरत असतील, असं कुणालाही वाटेल. ते तपासायची सोय बास्केटबॉलमध्येच आहे. फाउल झाल्यावर मिळणारा फ्री थ्रो खेळाडूनं एकट्यानं, ठरलेल्या जागेवरून, कुणाच्याही अडथळ्याविना टाकायचा असतो. बास्केटमागचे प्रेक्षक त्या वेळी हात हलवतात, किंचाळतात, काठ्या नाचवतात. टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम या दोघांनी २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्कोअरकास्टिंग' या पुस्तकात व्यावसायिक एनबीए स्पर्धेतल्या अशा फ्री थ्रोंचा हिशेब मांडला. घरच्या मैदानावर खेळणाऱ्यांचं यश ७५.९ टक्के आणि पाहुण्यांचंही ७५.९ टक्के. दशांश चिन्हापर्यंत सारखं! म्हणजे एवढ्या आरडाओरड्यानं खेळाडूचा हात हलत नव्हता. तरीही घरचे संघ सामने जास्त जिंकत होते. मग हा फरक येतो कुठून? लेखकांनी बोट दाखवलं पंचांकडे. ज्या निर्णयांत पंचाला स्वतःच्या अंदाजावर विसंबावं लागतं, तिथे कौल घरच्या संघाकडे झुकतो, असं त्यांना आढळलं.

याच्या आधी, २००२मध्ये, ॲलन नेविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग केला होता, आणि मला तो या सगळ्या संशोधनात सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी फुटबॉलच्या ४० पात्र पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यातल्या एका सामन्याची चित्रफीत दाखवली. त्यातल्या ४७ प्रसंगांत फाउल झाला की नाही, हे प्रत्येकानं सांगायचं. चित्र सगळ्यांना तेच. फरक एवढाच, की काही पंचांना प्रेक्षकांचा आवाज ऐकवला आणि उरलेल्यांना चित्र मुकं दाखवलं. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध दिलेले फाउल १५.५ टक्क्यांनी कमी भरले. त्या पंचांना कुणाची भीती नव्हती. ते खुर्चीत बसून पडद्याकडे पाहत होते, आणि चुकल्याबद्दल त्यांना कुणी काही बोलणारही नव्हतं. यात लबाडीही नव्हती. संशय आला की माणूस आजूबाजूचं मत घेतो, आणि हजारो माणसांचा एकदम आलेला आवाज हे फार मोठं मत असतं.

हे वाचलं तेव्हा मला तो थांबलेला हात पुन्हा दिसला, आणि त्या पंचाविषयी मनात उरलेला राग गेला.

आता कबड्डीकडे येऊ. आवाजाच्या हल्ल्यासाठी याहून उघडा खेळ मला माहीत नाही. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचं १२ बाय ८. म्हणजे सगळा खेळ एखाद्या बऱ्यापैकी अंगणात मावतो, आणि प्रेक्षक त्या अंगणाच्या कुंपणावरच बसलेले असतात. निर्णय काय द्यायचा असतो? बोट लागलं की नाही. टाच बोनस रेषेच्या पलीकडे टेकली तेव्हा दुसरा पाय हवेत होता की नाही. पकडीतल्या चढाईपटूची नखं मध्यरेषेला पोचली की नाही. स्पर्शाच्या आधीच कुणाचा पाय लॉबीत गेला का. एका चढाईला तीस सेकंद. त्यात असे दोन-तीन प्रश्न उभे राहतात आणि प्रत्येकाचं उत्तर क्षणात द्यावं लागतं. पुरुषांचा सामना चाळीस मिनिटांचा. किती वेळा संशय येत असेल, हिशेब करून पाहा.

आणि दम? नियमाप्रमाणे चढाईपटूनं 'कबड्डी कबड्डी' असा उच्चार स्पष्ट आणि पंचाला ऐकू येईल असा करायचा असतो. तो तुटला असं पंचाला वाटलं, तर चढाईपटूला परत पाठवलं जातं आणि समोरच्या संघाला तांत्रिक गुण मिळतो. आपल्या गावांतल्या जाणत्या प्रेक्षकांना हे पक्कं ठाऊक असतं. आपला गडी चढाईला गेला की मैदान एकदम शांत होतं, त्याचा दम पंचाच्या कानापर्यंत नीट जावा म्हणून. पाहुण्याचा गडी निघाला की शिट्ट्या, हलगी, पत्र्याचे डबे, सगळं एकाच वेळी सुरू. पाहुणा घसा फोडून ओरडत असतो आणि पंच त्याच्या ओठांकडे बघत अंदाज बांधत असतो. खेळ कळणारी गर्दी ही नुसत्या मोठ्या गर्दीपेक्षा पाहुण्यांना जास्त जड जाते. बारामती-इंदापूरच्या मैदानांचं सामर्थ्य या जाणतेपणात आहे. मला त्याचा अभिमानही आहे, हे लपवत नाही.

पाहुणे हरतात ते प्रवासानं थकल्यामुळे, असंही म्हटलं जातं. मोठ्या देशांत, विमानानं तीन-चार तास जाऊन खेळणाऱ्या संघांच्या बाबतीत ते थोडंफार खरं असेल. पण बारामतीच्या पोराला इंदापूर तालुक्यात खेळायला जाताना कसला शीण येतो? दुपारी जेवून निघतो आणि संध्याकाळी मैदानावर असतो. हवा तीच, पाणी तेच, भाकरीही तीच. तरीही परक्या गावच्या यात्रेत जिंकणं अवघड जातं. जवळच्या दोन तालुक्यांत प्रवास आणि हवामान ही कारणं आपोआप गळून पडतात आणि मागे उरतात माणसं.

मातीचा मात्र थोडा वाटा होता. कुठे मैदानाला पाणी जास्त मारलेलं, कुठे मुरूम जास्त. घरच्या संघाला कुठल्या कोपऱ्यात पाय घसरतो ते पाठ असायचं. मॅट आल्यावर ते गेलं. रबरी चौकोन एकमेकांत अडकवून केलेलं मैदान बावड्यात अंथरा नाहीतर बालेवाडीत, पायाखाली फरक पडत नाही.

माझ्या म्हणण्याची उलट बाजू कुस्तीत दिसते. कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ मध्ये तयार झालं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात रोममधलं जुनं प्रेक्षागार पाहिलं होतं, त्यावरून ही कल्पना आली असं सांगितलं जातं. मध्ये लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी गोल बैठक. कुठेही बसलं तरी दोन्ही मल्ल डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. आवाजाचं म्हणाल तर हलगी आणि हजारो कंठ यांनी तो हौदा घुमतो. बाहेरच्या मल्लासाठी ही जगातली सर्वांत कठीण जागा असायला हवी होती. पण उत्तरेतले मल्ल इथे येत राहिले, जिंकत राहिले आणि फेटे बांधून घेऊन गेले. आपल्याकडच्या यात्रांतल्या निकाली कुस्त्यांतही हेच दिसतं. बाहेरच्या पोरानं गावच्या पोराला धोबीपछाड मारून आसमान दाखवलं, तर तेच गाव त्याच्या हातात नोटा कोंबतं.

याचं एक कारण आपल्या माणसांचं कुस्तीवरचं प्रेम. दुसरं कारण निकालाचं स्वरूप. चितपट झाली की झाली. दोन्ही खांदे मातीला लागलेले शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही दिसतात. तिथे पंचाला अंदाज करायचा नसतो, त्यामुळे गर्दीला त्याच्या कानात शिरून काही बदलता येत नाही. आवाज खासबागेतही आहे आणि कबड्डीच्या मैदानावरही आहे. जिथे निर्णय केसाएवढ्या फरकावर लटकतो, तिथेच तो आवाज गुण मिळवून देतो.

क्रिकेटमध्ये घरच्या संघाचा फायदा कुठे दडलेला असतो, हे पाहायला बारामतीतच जागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडा संकुलात फेब्रुवारी २०२०मध्ये महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना झाला. तिथे सीमारेषा खेळपट्टीपासून साठ-सत्तर मीटरवर, आणि पायचीतचा निर्णय देणाऱ्या पंचापासून प्रेक्षक त्याहून दूर. चार दिवसांच्या सामन्यात कुणी सलग ओरडतही नाही. क्रिकेटमध्ये यजमानाचं हत्यार असतं खेळपट्टी. म्हणून क्रिकेट मंडळानं २०१६-१७च्या हंगामात सगळे रणजी सामने तटस्थ मैदानांवर खेळवले. तेव्हा महाराष्ट्र आणि दिल्ली यांचा सामना मुंबईत वानखेडेवर झाला. स्वप्नील गुगळेच्या नाबाद ३५१ धावा, अंकित बावणेच्या नाबाद २५८, दोघांची न तुटलेली ५९४ धावांची भागीदारी, आणि उलटून ऋषभ पंतच्या ३०८. दोन्ही संघ पाहुणे असलेल्या त्या मैदानावर कुणाला घराची उणीव भासली असेल असं वाटत नाही. पुढच्या हंगामात घर आणि पाहुणे ही जुनी पद्धत परत आली. घरच्या लोकांसमोर खेळण्यात जो जीव असतो, तो तटस्थ मैदानावर नसतो, हेही खरं आहे.

घरची माणसं नेहमी तारतातच असं नाही. रॉय बॉमायस्टर आणि अँड्र्यू स्टाइनहिल्बर यांनी १९८४मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉलच्या विश्वमालिकांचे जुने निकाल चाळले. मालिकेतल्या सुरुवातीच्या सामन्यांत घरचा संघ साधारण साठ टक्के वेळा जिंकत होता, पण मालिकेचा फैसला करणाऱ्या शेवटच्या सामन्यात हे प्रमाण चाळीसच्या आसपास उतरत होतं. आपल्या माणसांसमोर विजेता व्हायची वेळ आली की हात जड होतो, असा त्यांचा निष्कर्ष. १९९५मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पुढच्या वर्षांची आकडेवारी जोडून तो खोडला, आणि हा वाद चालू राहिला. मला स्वतःला त्यात तथ्य दिसतं, कारण मैदानावर ते मी अनुभवलं आहे. आई-वडील, मामा, शाळेतले सर सगळे रेषेवर बसलेले असले की सोपी बोनसची चढाईसुद्धा पोटात गोळा आणते.

कबड्डीतही उदाहरणं आहेत. प्रो कबड्डी लीगच्या पहिल्याच वर्षी, ३१ ऑगस्ट २०१४ रोजी, अंतिम सामना मुंबईत वरळीला झाला. यू मुंबाचं घर. कप जयपूरचा संघ घेऊन गेला, ३५-२४ अशा फरकानं. दुसऱ्या वर्षी पुन्हा मुंबईतच यू मुंबानं बेंगळुरूला ३६-३० असं हरवून तो मिळवला. २०१६ची विश्वचषक स्पर्धा अहमदाबादेत होती आणि भारतानं पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ३२-३४ असा गमावला. सगळं क्रीडागृह आपल्या बाजूचं असताना! त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मध्यंतराला भारत १३-१८ असा मागे होता. मग अजय ठाकूरच्या चढायांनी डाव फिरला आणि भारत ३८-२९ असा जिंकला. त्या दुसऱ्या सत्रात क्रीडागृहातला आवाज ऐकलेला माणूस, घरच्या गर्दीचा उपयोग नसतो असं कधी म्हणणार नाही.

करोनाच्या काळात जगाला एक प्रयोग आयता मिळाला. मे २०२०मध्ये जर्मनीची फुटबॉल लीग रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, आणि घरच्या संघांचे विजय घटले. पंचांची यजमानांवरची मेहेरनजरही कमी झाल्याचं अभ्यासकांना दिसलं. आपली प्रो कबड्डी २०२१-२२मध्ये बेंगळुरूतल्या एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना झाली. अंतिम सामना दिल्लीनं पाटण्याविरुद्ध ३७-३६ असा जिंकला. एका गुणाचा निकाल, आणि दोन्ही बाजूंना ओरडणारं कुणी नाही.

मोठ्या स्पर्धांत यावर उपाय सापडला आहे. पंचाचा निर्णय पटला नाही तर संघ रिव्ह्यू घेतो, कॅमेऱ्यात बोट लागलेलं दिसतं आणि गुण बदलतो. कॅमेऱ्याला कान नसतात. पण तालुक्याच्या स्पर्धेत, यात्रेत, कॉलेजांच्या विभागीय सामन्यांत कॅमेरा कुठून आणायचा? तिथे सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि त्याचे दोन सहाय्यक, एवढ्या माणसांवर सगळं अवलंबून असतं. त्यांतले बरेच जण त्याच परिसरातले शिक्षक किंवा जुने खेळाडू असतात. सकाळी त्यांना याच लोकांत वावरायचं असतं. याच पंचांच्या निर्णयावर कुणा मुलाची जिल्ह्याच्या किंवा विद्यापीठाच्या संघातली निवड ठरते. एका न दिलेल्या स्पर्शानं गरीब घरातल्या पोराचं एक वर्ष जाऊ शकतं, आणि मुलींच्या बाबतीत तर घरचे पुढच्या वर्षी खेळायला पाठवतीलच याची खात्री नसते.

म्हणून या पट्ट्यातल्या मंडळांना, यात्रा समित्यांना आणि कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. पंच शेजारच्या तालुक्यातून बोलवा. हलगी आणि भोंगे पंच उभे राहतात त्या बाजूंना ठेवू नका. आणि प्रेक्षकांना रेषेपासून मागे बसवा, मध्ये दोर बांधून. लोक ऐकणार नाहीत, असं कुणी म्हणेल. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी या दोन तालुक्यांतून जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं, इंदापुरातही होतं. हजारो माणसं कडं करून बसतात, आणि अश्व धावतो ती वाट कुणाच्याही पायानं अडत नाही. तीच माणसं, तीच गावं कबड्डीला जमतात. यंदाच्या यात्रेत सामना बघायला बसाल तेव्हा तुम्हीही दोन हात मागे सरका, आणि पाहुण्याची चढाई चालू असताना त्याचा दम पंचाला ऐकू जाऊ द्या.